समुद्रापार गेलेल्या आनंदीबाई

हुगळीच्या पात्रातून ७ एप्रिल १८८३ रोजी सिटी ऑफ कलकत्ता हे जहाज समुद्राकडे निघाले, तेव्हा त्यावर अठरा वर्षांची एक महाराष्ट्रीय ब्राह्मण स्त्री होती. सोबतीस मिशनरी स्त्रिया होत्या. पती वा कोणी आप्त नव्हता. डॉ. आनंदीबाई जोशी यांची पदवी सर्वांस ठाऊक आहे. त्या पदवीआधीची ही समुद्रयात्राही तितक्याच धैर्याची होती.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या कल्याणच्या यमुनेचा विवाह नवव्या वर्षी टपालखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच गेले. स्त्रियांसाठी स्त्री वैद्य हवी, ही निकड त्या दुःखातून त्यांच्या मनात रुजली.

गोपाळरावांच्या बदल्यांमुळे हे दांपत्य कलकत्त्यास व पुढे जवळच्या श्रीरामपुरास आले. परदेशगमन म्हणजे धर्मभ्रष्टता, अशी तेव्हा समजूत होती. त्यात विवाहित स्त्रीने एकटीने जावयाचे, म्हणजे टीकेला सीमाच नव्हती. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण करून एकेका आक्षेपास शांतपणे उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, हा आपला निश्चय त्यांनी भर सभेत सांगितला.

जवळजवळ दोन महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळरावांचे एक पत्र नियतकालिकात वाचून ज्यांनी आपणहून पत्रव्यवहार सुरू केला होता, त्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी नेले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात थंडी व आजारपण सोसून आनंदीबाईंनी अभ्यास केला. शाकाहार आणि साडी सोडली नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या, निश्चय केल्याप्रमाणे हिंदू म्हणूनच. पण क्षयाने जर्जर होऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे विसावल्या. मृत्यूनंतरही त्यांनी एकदा समुद्र ओलांडला. एकाही रुग्णेवर कोल्हापुरात उपचार करण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. तरीही त्यांच्यामागून शिक्षणासाठी परदेशी निघणाऱ्या मुलींसाठी ती वाट आता अनोळखी राहिली नव्हती.