नेमणुकीनंतरचे शाहू महाराज

राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचे चरित्र सांगताना २६ जुलै १९०२ या तारखेपाशी बहुतेक वक्ते विसावतात. तारीख थोरच आहे. परंतु वंचित माणसासाठी जागा राखून ठेवणे हे एक काम, आणि त्या जागेवर तो टिकून राहील अशी व्यवस्था लावणे हे दुसरे काम. महाराजांनी हे दुसरे कामही केले. त्याची चर्चा फार होत नाही, म्हणून या स्मरणिकेत आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी ते करवीरच्या गादीवर दत्तक आले. राजकोटला आणि पुढे धारवाडला शिक्षण झाले. फ्रेझर यांच्यासारखे गुरू लाभले, आणि २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, राज्यकारभार हाती आला. त्या वेळी दरबारचे चित्र कसे होते? सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. सुमारे ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर अवघे दहा. अस्पृश्य समाजाचे नाव या हिशेबात शोधूनही सापडले नसते.

मागासलेल्या वर्गांना राज्याच्या नोकरीत निम्म्या जागा देणारा जाहीरनामा करवीर सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला, तेव्हा महाराज सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त इंग्लंडात होते. या जाहीरनाम्यातील एक कलम आमच्या मते फार मोलाचे आहे. ज्या खात्यात मागास वर्गाचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथे पुढची नेमणूक त्याच वर्गातून करावयाची, आणि प्रत्येक खातेप्रमुखाने आपल्या नेमणुकांचे पत्रक दर तिमाहीस सरकारकडे पाठवावयाचे. नुसत्या सदिच्छेवर त्यांनी भरवसा ठेवला नाही. हिशेब मागितला. १९१२ पर्यंत ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे ३५ उरल्या होत्या.

मात्र जागा भरण्यास शिकलेली माणसे हवीत, आणि खेड्यातला मुलगा शहरात येऊन शिकणार तर त्याला राहावयास छप्पर हवे. येथून वसतिगृहांची कहाणी सुरू होते. १९०१ मध्ये मराठा वसतिगृह निघाले. त्यामागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत समाजांची वसतिगृहे उभी राहिली, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. निवासी शाळेत वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांस याचे मोल निराळे सांगावयास नको. पुढे १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठरला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एकाच शाळेत बसविण्यात आले.

तरीही एक बेडी उरली होती. महाराचे हात मोकळेच नव्हते. जमिनीच्या लहानशा तुकड्यापायी सारे घराणे गावच्या आणि सरकारच्या चाकरीस बांधलेले असे. हाक येईल तेव्हा हातातील काम टाकून धावावयाचे. अशा माणसाला दुसरी नोकरी मिळाली तरी ती किती दिवस टिकणार? १९१८ मध्ये महाराजांनी संस्थानातील महार वतने नाहीशी केली आणि जमिनी ज्याच्या त्याच्या नावे रयतावा करून दिल्या. दहा वर्षांनी, १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाचा हाच प्रश्न विधेयकाद्वारे मांडला. हा धागा अभ्यासकांनी अधिक तपासावा असे आम्हांस वाटते.

त्याच वर्षी कुलकर्णी वतनेही गेली आणि गावोगाव पगारी तलाठी आले. या कामाचे शिक्षण देऊन अस्पृश्य तरुणांनाही तलाठी नेमण्यात आले. गावच्या दफ्तरास ज्याचा स्पर्श चालत नव्हता, त्याच्याच हाती दफ्तर आले. काहींना वकिलीच्या सनदा दिल्या. हत्तीवर महार माहूत बसले. गुन्हेगार म्हणून हजेरीच्या जाचात अडकलेल्या पारध्यांना महाराजांनी पहारेकरी नेमले, आणि राहावयास घरे दिली.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला, त्या गोष्टीकडे येतो. नवा माणूस नोकरीत आला, पण शेजारच्या मेजावरचा कारकून त्याला दूर उभा करतो, साहेब त्याच्याशी तुच्छतेने बोलतो. अशा ठिकाणी तो टिकावा कसा? जानेवारी १९१९ मध्ये महाराजांनी महसूल, न्याय इत्यादी खात्यांतील अधिकाऱ्यांना हुकूम काढला की, नोकरीत येणाऱ्या अस्पृश्यांना समतेने आणि ममतेने वागवावे. ज्यास हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, आणि त्यास पेन्शन मिळणार नाही. शाळा आणि दवाखान्यांसाठीही अशाच आज्ञा निघाल्या. वंचिताला कामाचे शिक्षण देण्याची कल्पना तेव्हाही नवी नव्हती. त्याच्या आसपासच्या नोकरवर्गाला माणुसकीचे शिक्षण देणे, तेही पेन्शनीची भीती घालून, हे मात्र एका राजाने केलेले विलक्षण धाडस होते. १९०२ च्या जाहीरनाम्याशेजारी हा हुकूम आम्ही बरोबरीने ठेवतो.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात घरोघर माहीत आहे. राजवाड्याच्या पागेतील हे नोकर. मराठा नोकरांच्या हौदातील पाणी घेतले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना चाबकाने फोडून काढले, आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करण्यासाठी पैसे दिले. भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हॉटेल निघाले. हॉटेल निघाले, गिऱ्हाईक मात्र फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी दारात उभी करून चहा मागवू लागले, आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही तो घ्यावा लागे. ज्यांना महाराजांची सही हवी असे, त्यांनाही तेथेच बोलावीत, असे सांगतात. भांडवल देऊन ते मोकळे झाले नाहीत. गिऱ्हाईक बसेपर्यंत स्वतः गिऱ्हाईक झाले.

१९२० मध्ये बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’ला त्यांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. त्याच वर्षी २१ व २२ मार्चला माणगावच्या परिषदेत येऊन बाबासाहेबांच्या रूपाने अस्पृश्यांना त्यांचा स्वतःचा पुढारी लाभल्याचे जाहीर केले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस.

त्यानंतर काही वर्षांतच कोल्हापुरातील नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभे राहिले. त्यासाठी पुढाकार घेणारे होते गंगाराम कांबळे.