कर्मवीर अण्णा आणि आपली मुलं

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत मुलांसाठी काहीतरी लिहा, असा समितीचा निरोप आला आणि मला आठवले कर्मवीर भाऊराव पाटील. आमच्या सातारा भागात त्यांना अण्णाच म्हणतात. माझे वडील 'रयत'च्या शाळेत शिकले, त्यामुळे आमच्या घरात अण्णांचं नाव घरातल्याच वडीलधाऱ्या माणसासारखं घेतलं जायचं.

अण्णांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरकडच्या कुंभोजचा. अंगानं धिप्पाड, कुस्ती-पोहण्याचा नाद, पुस्तकात लक्ष बेताचंच. मॅट्रिकसुद्धा झाले नाहीत. कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांना आंघोळ करून मगच आत या असं सांगण्यात आलं. त्यांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. वीस-एकवीस वर्षांच्या पोरानं हे केलं, हे आपल्या कॉलेजातल्या मुलांनी जरा डोळ्यांसमोर आणावं.

पुढे साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काचसामानाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे फिरते विक्रेते झाले. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या बांधावरच जावं लागतं. तिथं शाळेचं तोंड न पाहिलेली पोरं त्यांना रोज दिसत होती. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते या वसतिगृहाबद्दल. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहायची, एका पंगतीत जेवायची. नोकरचाकर नाहीत. झाडलोट, पाणी भरणं, स्वयंपाक, भांडी, शेतातलं काम, सगळं मुलांनीच करायचं आणि शिकायचंही. खेड्यातला गरीब बाप फी कुठून देणार? म्हणून 'कमवा आणि शिका'. पण मला वाटतं, पैशाचा प्रश्न सुटला हा त्यातला अर्धाच फायदा. ज्यानं स्वतः चाळीस जणांची भांडी घासलीत, तो भांडी घासणाऱ्या बाईशी तुसडेपणानं बोलत नाही. पहाटे उठणं, अंगमेहनत, साधं जेवण यांनी तब्येतही आपोआप सुधारायची. त्यासाठी वेगळा क्लास लावावा लागत नव्हता!

आणि लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्याच्या घरातली ही बाई अण्णांच्या मागे उभी राहिली, सगळ्या जातींच्या पोरांची आई झाली. बोर्डिंगात धान्य संपलं की एकेक दागिना मोडायचा. शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या वारल्या. अण्णांना पुढे मोठे सन्मान मिळाले, त्यांतला एकही पाहायला त्या नव्हत्या.

१९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते वसतिगृहाचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. १९३५ मध्ये खेड्यांसाठी शिक्षक तयार करायला 'सिल्व्हर ज्युबिली' नावाचं ट्रेनिंग कॉलेज निघालं (आपल्याला हे नाव आज शोभून दिसतंय). १९४७ मध्ये साताऱ्यात शिवाजी कॉलेज आलं. मॅट्रिक न झालेल्या या माणसाला १९५९ मध्ये पुणे विद्यापीठानं डी.लिट. दिली, त्याच वर्षी पद्मभूषणही मिळालं, आणि ९ मे रोजी ते गेले.

आता आपल्याकडचं. आपली मुलं हुशार आहेत, कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते करतात. पण नळाचा वॉशर बदलता येत नाही, आणि बापाच्या वयाच्या वॉचमनला 'ए' म्हणून हाक मारतात, हे मी जिन्यात स्वतः ऐकलंय. दोष मुलांचा कमी, आपला जास्त. बॉल गाडीखाली गेला तरी आपण वॉचमनलाच काढायला सांगतो, मग मुलं दुसरं काय शिकणार?

येत्या मे महिन्यात रोज सकाळी सहा ते आठ मागच्या मोकळ्या जागेत बाग करायचं मी ठरवलंय. मुलांनी खणायचं, पाणी घालायचं, नंतर झाडूही मारायचा. आपल्या माळीकाकांनी शिकवायचं कबूल केलंय, त्यांना मुलांनी 'सर' म्हणायचं. कुदळी दोन आहेत, आणखी तीन लागतील. ज्यांच्याकडे असतील त्यांनी नावासकट माझ्याकडे आणून द्याव्यात.