पाण्याची जमिनीपासून फारकत करणारा अभियंता

नेवासा : मुळा धरणाच्या कालव्याने ज्या तालुक्याचे रूप पालटले, सोनई आणि भेंडे येथील साखर कारखान्यांभोवती ज्याचे अर्थकारण फिरते, तेथे विलासराव साळुंखे यांचे स्मरण काहींना विसंगत वाटेल. साळुंखे यांची कर्मभूमी पुरंदरचा कोरडा माळ, आणि त्यांच्या योजनेत उसाला थाराच नव्हता. तरीही पाण्यावर हक्क नेमका कोणाचा, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न कालव्याकाठच्या शेतकऱ्यालाही चुकलेला नाही.

साळुंखे शिक्षणाने अभियंते. पुण्यात अचूक मोजमापाची उपकरणे बनविणारा त्यांचा कारखाना होता. १९७२च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यातील दुष्काळी कामांवर गेले आणि खडी फोडून दुष्काळ हटणार नाही, अशी त्यांची खात्री पटली. नायगाव येथील देवस्थानची सुमारे ४० एकर ओसाड जमीन त्यांनी खंडाने घेतली. १९७४मध्ये ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन झाले. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहीर असे करीत त्या माळावर पिके उभी राहिली. कारखानदार असलेला हा माणूस सपत्नीक तेथेच रमला.

त्यांचे खरे वेगळेपण मात्र बांधांत नाही, पाणीवाटपाच्या नियमांत आहे. पाणी पंचायत या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या व्यवस्थेत पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न ठरता घरातील माणसांच्या संख्येवर ठरे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि कुटुंबाला अडीच एकरांची कमाल मर्यादा. भूमिहीनालाही वाटा होता. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसून तो ते पाणी वापरू शके. ऊस, केळी यांसारख्या पिकांना बंदी होती. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी उभा करायचा, आणि पाणी सोडण्यासाठी पाटकरीही गटानेच नेमायचा. शेत विकले तरी पाण्याचा हक्क त्यासोबत जात नसे; तो गटाकडे परत येई.

शेवटच्या नियमाचे महत्त्व आज अधिक जाणवते. निसर्गाच्या वापराची एकूण मर्यादा ठरवावी, तिचे हिस्से पाडावेत आणि त्या हिश्श्यांची खरेदी-विक्री होऊ द्यावी, हा विचार अर्थशास्त्रात रुजला आहे. अमेरिकेने १९९०च्या कायद्यान्वये वीजकेंद्रांच्या गंधकयुक्त धुरासाठी तो अमलात आणला. सुरतेत २०१९पासून कारखान्यांच्या धुरातील कणांसाठी असाच बाजार सुरू झाला. साळुंखे यांनीही मर्यादा आखली, हिस्सेही पाडले. विक्रीपाशी मात्र ते थांबले. बाजार असता तर माळावरच्या गरिबाने अडचणीच्या वर्षी पहिल्यांदा पाणीच विकले असते, असे प्रस्तुत प्रतिनिधीस वाटते.

या प्रयोगाला मर्यादाही होत्या. उपसा योजना विजेवर अवलंबून होत्या, आणि पैसा देणाऱ्या उसाचा मोह शेजारच्या गावांतून दिसत असे. अनेक योजना पुढे बंद पडल्या. २००२मध्ये साळुंखे यांचे निधन झाले. पत्नी कल्पनाताई यांनी काम पुढे चालविले. त्यानंतर तीनच वर्षांनी, २००५मध्ये, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला. पाण्याचे हक्क घनमापात ठरविण्याची आणि ते हस्तांतरित करण्याची सोय त्यात झाली.

नेवासा तालुक्यानेही स्वतःच्या परीने एक पाऊल टाकले होते. चांदा येथील श्री दत्त सहकारी पाणीवापर संस्थेने मुळा कालव्याच्या एका वितरिकेचे पाणी पाटबंधारे खात्याकडून एकत्रित मोजून घ्यावे आणि सभासदांत आपणच वाटावे, असा प्रयोग गेल्या शतकाच्या अखेरीस केला. हंगामाचे नियोजन, पाणीपट्टीची वसुली आणि तंटे गावाच्या हाती आले. वाटप मात्र लाभक्षेत्रातील जमिनीनुसारच राहिले. भूमिहीनाला वाटा देण्यापर्यंत कालव्यावरची व्यवस्था गेली नाही.