चूक माणसाची की यंत्राची? डॉ. पॉल फिट्स यांचे जीवनकार्य

एखादे विमान कोसळले, आगगाडी रुळावरून घसरली किंवा कारखान्यात एखाद्या कामगाराचा हात यंत्रात सापडला, की सर्वांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, चूक कोणाची? बहुधा उत्तरही ठरलेलेच असते. जो माणूस यंत्रापाशी बसला होता, त्याची. तो मेला असेल तर आपली बाजू सांगायला उरत नाही. वाचला असेल तर जन्मभर मान खाली घालून जगतो. हे उत्तर पुरेसे नाही, असे ज्या थोड्या माणसांनी अभ्यासाने आणि आकड्यांनी दाखवून दिले, त्यांत अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ डॉ. पॉल मॉरिस फिट्स यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. वाचक बंधू-भगिनींना त्यांच्या जीवनकार्याची ही थोडक्यात ओळख.

पॉल फिट्स यांचा जन्म ६ मे १९१२ रोजी अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मार्टिन या गावी झाला. टेनेसी विद्यापीठातून १९३४ साली त्यांनी मानसशास्त्राची पदवी मिळवली. पुढे ब्राऊन विद्यापीठातून १९३६ साली एम. एस्सी. आणि रॉचेस्टर विद्यापीठातून १९३८ साली पीएच. डी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. त्या काळी मानसशास्त्र म्हणजे शाळा, मुलांची बुद्धी आणि मनाचे रोग, एवढीच लोकांची समजूत होती. विमानाशी या शास्त्राचा काही संबंध असेल, असे कोणाच्या फारसे मनात येत नसे.

दुसऱ्या महायुद्धाने ही स्थिती पालटली. अमेरिकेच्या सैन्याला फार मोठ्या संख्येने वैमानिक हवे होते. विमान चालवण्यास योग्य तरुण कोणता आणि अयोग्य कोणता, हे परीक्षा घेऊन ठरवण्यासाठी सैन्याने मानसशास्त्रज्ञांना बोलावले. फिट्स त्यांच्यापैकी एक होते. परंतु चाळणी लावून निवडलेले, धडधाकट आणि हुशार तरुणही चुका करीत होते. शत्रूची गोळी न लागताच विमाने मोडत होती आणि माणसे मरत होती. अशा अनेक अपघातांच्या अहवालांत कारण म्हणून वैमानिकाची चूक एवढेच लिहून कागद मिटला जाई.

१९४५ साली ओहायो राज्यातील डेटन शहराजवळ, राइट फील्ड या विमानतळावरील वैद्यकीय प्रयोगशाळेत मानसशास्त्राची एक शाखा स्थापन झाली. तिची धुरा फिट्स यांच्याकडे आली. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड जोन्स यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी वैमानिकांनाच विचारले. विमानाचे दांडे आणि खटके हाताळताना स्वतःकडून घडलेली किंवा डोळ्यांनी पाहिलेली चूक सविस्तर सांगा, असे विचारून त्यांनी ४६० प्रसंग गोळा केले. १९४७ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला.

त्या ४६० प्रसंगांची वर्गवारी केल्यावर असे दिसले की जवळजवळ निम्म्या चुका एकाच जातीच्या होत्या. वैमानिकाने एक दांडा ओढायचा, तर दुसराच ओढला होता. असे का व्हावे? बी-२५ या विमानात इंजिनाचा वेग, पंख्याचा कोन आणि इंधनाचे मिश्रण यांचे तीन दांडे डावीकडून उजवीकडे या क्रमाने होते. सी-४७ या विमानात मात्र सर्वांत डावीकडे पंख्याचा दांडा होता आणि वेगाचा मधोमध होता. काल एका विमानात बसलेला वैमानिक आज दुसऱ्यात बसला, की त्याचा हात सवयीने जुन्या जागी जाई. घाईच्या क्षणी हात विचार करीत नाही, सवयीप्रमाणे चालतो. काही विमानांत चाके वर घेण्याचा खटका आणि पंखांचे फ्लॅप हलवण्याचा खटका शेजारी शेजारी, दिसायलाही सारखेच होते. विमान सुखरूप उतरल्यावर फ्लॅप वर घ्यायला गेलेला वैमानिक चाके वर घेई आणि विमान धावपट्टीवर पोटावर बसे. याच प्रयोगशाळेतील दुसरे मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चापानिस यांनी यावर तोड काढली होती. चाकांच्या खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ लावायची आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखी, म्हणजे अंधारातही हाताला फरक कळतो. चाकाच्या आकाराची ती मूठ आजच्या प्रवासी विमानांतही असते. प्लेझान्सच्या विमानतळावर आपल्या पाहुण्यांना घेऊन उतरणारे वैमानिकसुद्धा चाके खाली सोडताना अशीच मूठ धरतात.

त्यानंतर फिट्स आणि जोन्स यांनी तबकड्या वाचताना झालेल्या २७० चुकांचाही असाच अभ्यास केला. त्या वेळच्या उंचीमापकात घड्याळासारखे तीन काटे असत. एक शेकड्यांचा, एक हजारांचा आणि एक दहा हजारांचा. घाईत हजाराचा काटा चुकीचा वाचला, की आपण आहोत त्यापेक्षा हजार फूट उंच आहोत असे वैमानिकाला वाटे. रात्रीच्या वेळी किंवा ढगांत त्याचा अर्थ मृत्यू असा होई. दोन्ही अहवालांतून निघालेला निष्कर्ष असा की यातील पुष्कळ चुका तबकड्या व दांडे यांची रचना सुधारून टाळता येतील. वैमानिकाला दोष दिल्याने पुढचा अपघात टळत नाही, कारण तोच सापळा पुढच्या वैमानिकासाठी तसाच उभा राहतो.

१९४९ साली फिट्स ओहायो राज्य विद्यापीठात गेले आणि तेथे विमानविषयक मानसशास्त्राची प्रयोगशाळा त्यांनी चालवली. विमान उतरवताना वैमानिकाची नजर कोणत्या तबकडीवर किती वेळा आणि किती वेळ जाते, याची चित्रफीत घेऊन त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाला. जिच्याकडे नजर वारंवार जाते ती तबकडी महत्त्वाची, आणि जिच्यावर नजर फार वेळ अडकते ती वाचायला अवघड, असे त्यातून समजू लागले.

१९५१ साली त्यांच्या संपादनाखाली विमान वाहतूक नियंत्रणावर एक अहवाल निघाला. त्यात एक यादी होती. ती पुढे फिट्स यांची यादी म्हणून जगभर ओळखली गेली. अंधूक प्रकाश किंवा बारीक आवाज टिपणे, आकार ओळखणे, आयत्या वेळी युक्ती काढणे, जुनी आठवण नेमकी बाहेर काढणे, अनुभवावरून अनुमान बांधणे आणि तारतम्य राखणे, यांत माणूस सरस ठरवला होता. त्वरित प्रतिसाद देणे, मोठे बळ अचूक लावणे, तेच ते काम न कंटाळता करणे, हिशेब करणे आणि अनेक कामे एकाच वेळी सांभाळणे, यांत यंत्र सरस ठरवले होते. त्याच अहवालात एक इशाराही होता, आणि तो यादीइतकाच मोलाचा आहे. यंत्राने सर्व काम करावे, माणसाने केवळ बसून पाहावे आणि यंत्र बिघडले की झटकन सूत्रे हाती घ्यावीत, अशी व्यवस्था करताना फार सावध राहावे, असे त्यात सुचवले होते. तासन् तास नुसते पाहत बसणे माणसाला जमत नाही, आणि हात रिकामा राहिला की सवयही सुटते.

या यादीवर टीकाही झाली. माणूस आणि यंत्र यांची तुलना न करता ते एकमेकांना पूरक कसे होतील हे पाहावे, असे काही अभ्यासकांनी १९६० नंतर मांडले. आज संगणक चेहरे आणि आवाज ओळखू लागले आहेत, त्यामुळे यादीतील काही ओळी जुन्या झाल्या आहेत. इशारा मात्र जुना झालेला नाही.

१९५४ साली फिट्स यांनी आणखी एक शोध प्रसिद्ध केला. दोन धातूच्या पट्ट्या अंतरावर ठेवून त्यांवर आळीपाळीने लेखणीसारख्या काडीने भरभर टोकायचे, एवढाच प्रयोग. पट्टी दूर असेल आणि अरुंद असेल तर वेळ जास्त लागतो, हे कोणीही सांगेल. फिट्स यांनी त्याचे गणित बसवले. अंतर दुप्पट केले आणि पट्टीची रुंदीही दुप्पट केली, तर लागणारा वेळ तेवढाच राहतो. १९७८ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी दाखवले की संगणकाच्या माउसने खूण गाठण्यासही हाच नियम लागू पडतो. आज मोबाइलच्या पडद्यावरील बटण केवढे आणि कोठे असावे, हे ठरवताना याच नियमाचा आधार घेतला जातो.

१९५८ साली ते मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाले. या शास्त्राच्या अमेरिकेतील संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी १९६२-६३ मध्ये भूषविले. २ मे १९६५ रोजी, वयाची ५३ वर्षे पूर्ण होण्यास अवघे चार दिवस असताना, त्यांचे अकस्मात निधन झाले. मायकेल पोझ्नर यांच्यासोबत लिहिलेले त्यांचे पुस्तक त्यांच्या पश्चात १९६७ साली प्रकाशित झाले.

त्यांचे म्हणणे जग किती सहज विसरते, हे पुढे दिसले. २०१८ च्या ऑक्टोबरात इंडोनेशियात आणि २०१९ च्या मार्चमध्ये इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळून एकूण ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. प्रारंभी काहींनी वैमानिकांच्या कौशल्याकडेच बोट दाखवले. चौकशीत निघाले ते असे. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी एक यंत्रणा एकाच मापकाच्या चुकीच्या माहितीवर चालत होती, आणि पहिल्या विमानाच्या वैमानिकांना ती यंत्रणा आहे हेही कोणी सांगितलेले नव्हते. दुसऱ्या अपघातानंतर जगभर ती विमाने जमिनीवर ठेवावी लागली. ४६० प्रसंग गोळा करून फिट्स यांनी जे शिकवले होते, त्याचीच उजळणी इतक्या प्राणांच्या मोलाने करावी लागली.

आपल्या बेटावरील कितीतरी घरांतील मुलेमुली आज अभियंते, परिचारिका, यंत्रचालक किंवा विमान कर्मचारी होण्याचे शिक्षण घेत आहेत. त्यांनी डॉ. फिट्स यांचे नाव लक्षात ठेवावे. कामावर कोणाच्या हातून चूक झाली, तर त्याला बोल लावण्याआधी त्याच्या समोरचा खटका कोठे होता, तबकडीवर काय दिसत होते आणि यंत्र काय करीत आहे हे त्याला कोणी सांगितले होते का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. त्या उत्तरांतून एखाद्या निरपराध माणसाची अब्रू वाचेल, आणि त्याच जागी उद्या बसणाऱ्याचा जीवही.