पदवी नसलेला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक

नगररचनाकार म्हणून जगभर ख्याती पावलेले सर पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची धुरा या स्कॉटिश विद्वानाकडे सोपविण्यात आली. त्यापूर्वीची तीन दशके ते डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत होते. विशेष म्हणजे विद्यार्थी म्हणून त्यांनी स्वतः एकही पदवी मिळविलेली नव्हती.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर येथे झाला. बालपण पर्थजवळच्या टेकडीवरील घरात, वडिलांच्या बागेत गेले. काही काळ बँकेत नोकरी केल्यावर त्यांनी एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्रासाठी नाव घातले. पण तेथील शिकवण्याची पद्धत पाहून आठवडाभरातच ते बाहेर पडले आणि १८७४ मध्ये लंडनला टॉमस हक्सली यांच्याकडे गेले.

या निर्णयाचे मर्म समजण्यासाठी हक्सली यांनी काय केले होते, हे पाहिले पाहिजे. तोवर जीवशास्त्र हा मुख्यतः ऐकण्याचा विषय होता. प्राध्यापकांनी व्याख्यान द्यावे, फार तर नमुना दुरून दाखवावा आणि विद्यार्थ्यांनी टिपणे घ्यावीत, अशी रीत होती. हक्सली यांनी १८७२ पासून साउथ केन्सिंग्टन येथे ती मोडली. व्याख्यान झाले की विद्यार्थ्याने लगेच प्रयोगशाळेत बसून तोच जीव स्वतःच्या हाताने तपासायचा. यीस्ट आणि अमिबापासून घेवड्याचे रोप, बेडूक असे मोजकेच जीव, पण प्रत्येक जीव बारकाईने. १८७५ मध्ये या अभ्यासक्रमाचे पुस्तकही निघाले. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांचे मूळ बऱ्याच अंशी या प्रयोगशाळेत सापडते.

गेडिस येथे तयार झाले. पुढे फ्रान्समधील रोस्कॉफच्या सागरी संशोधन केंद्रात आणि पॅरिसमध्ये त्यांनी काम केले. १८७९ मध्ये नमुने गोळा करण्यासाठी ते मेक्सिकोला गेले असता अचानक त्यांची दृष्टी गेली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परतली, परंतु सूक्ष्मदर्शकावरचे दीर्घ काम कायमचे दुरावले. जीवशास्त्रज्ञाच्या दृष्टीने हा आघात केवढा! त्या अंधारात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी हाताने चाचपताना त्यांना ज्ञानशाखांची चौकोनांत मांडणी करण्याची कल्पना सुचली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. घडी घातलेल्या कागदावर जीवशास्त्र, भूगोल, अर्थकारण, समाज यांचे परस्परसंबंध मांडण्याचा छंद त्यांना जन्मभर पुरला. तो श्रोत्यांना मात्र नेहमी झेपत नसे.

एडिंबरात त्यांनी १८८० पासून वनस्पतिशास्त्राचे सहायक म्हणून काम केले. १८८८ मध्ये तेथील प्राध्यापकपदासाठी अर्ज केला, पण निवड आयझॅक बेली बाल्फर यांची झाली. त्याच वर्षी जेम्स मार्टिन व्हाइट या हितचिंतकाच्या देणगीतून डंडीत त्यांच्यासाठी स्वतंत्र अध्यासन निर्माण झाले. अट मोठी सोयीची होती. शिकवायचे ते फक्त उन्हाळी सत्रात. उरलेले वर्ष मोकळे. झाडे फुलतात तेव्हा वर्ग भरवायचा, यात व्यवहार होता तसे शास्त्रही होते. कॉलेजच्या आवारात त्यांनी अध्यापनासाठी बाग लावली. याच कॉलेजात प्राणिशास्त्राचे अध्यापन डार्सी टॉम्पसन करीत. देवमाशांच्या शिकारीवर जाणाऱ्या डंडीच्या जहाजांकडून नमुने मिळवून त्यांनी संग्रहालय उभारले होते, आणि प्राण्यांच्या आकारांना गणिताचे नियम लावणारा त्यांचा ग्रंथ १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका लहानशा कॉलेजच्या वाट्याला असे दोन शिक्षक एकाच वेळी यावेत, हे भाग्यच.

एडिंबरात गेडिस यांनी १८८७ पासून भरविलेले उन्हाळी वर्ग सागरी जीवशास्त्रापासून सुरू झाले आणि इतिहास, भूगोल, समाजशास्त्रापर्यंत पसरले. १८९२ मध्ये घेतलेल्या ‘आउटलुक टॉवर’मध्ये अभ्यासकाने आधी गच्चीवरून शहर न्याहाळायचे आणि मग एकेक मजला उतरत स्कॉटलंड, युरोप व जग समजून घ्यायचे, अशी रचना होती. परीक्षाकेंद्री विद्यापीठांवर त्यांचा राग होता. मात्र ते स्वतः आदर्श वक्ते नव्हते. दाढीतल्या दाढीत पुटपुटत ते एका विषयावरून दुसऱ्यावर जात आणि ऐकणारे मागे पडत. त्यांच्या पद्धतीचा प्रसार मर्यादित राहिला, त्याला हेही एक कारण मानावे लागेल.

१९१४ मध्ये ते भारतात आले. त्यांचे नगर-प्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ने बुडविले. १९१७ मध्ये थोरला मुलगा अ‍ॅलस्डर युद्धात पडला आणि त्याच वर्षी पत्नी ॲना यांचे भारतात निधन झाले. काम थांबले नाही. इंदूरच्या १९१८ च्या अहवालात नगररचनेबरोबर विद्यापीठाचीही योजना त्यांनी मांडली आणि १९२० मध्ये जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र प्रसिद्ध केले. वनस्पतिशास्त्र आणि पदार्थविज्ञान यांची सीमा ओलांडणारा संशोधक त्यांना जवळचा वाटणे स्वाभाविकच होते.

मुंबईत त्यांच्या व्याख्यानांना संस्कृतचे एक तरुण पदवीधर बसत. मालवणचे गो. स. घुर्ये. समाजशास्त्राच्या अभ्यासासाठी त्यांना इंग्लंडला पाठविण्यात गेडिस यांचा मोठा वाटा होता. १९२४ मध्ये विभागाची सूत्रे घुर्ये यांच्याकडे आली आणि पुढे त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास शिकले.

प्रकृतीमुळे गेडिस यांनी १९२४ मध्ये भारत सोडला आणि फ्रान्समधील माँपेलिए येथे विद्यार्थ्यांसाठी ‘कॉलेज दे झेकोसे’ काढले. तेथेही त्यांनी इमारतीबरोबर बाग उभी केली. १९३२ च्या आरंभी त्यांना ‘सर’ हा किताब जाहीर झाला. त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.