रिमोटवर चालणारी पहिली बोट: निकोला टेस्लाची गोष्ट



कसालला आमच्या घराजवळच्या तळीत मी आणि माझ्या मित्राने पहिल्यांदा रिमोटच्या बोटी सोडल्या, तेव्हा एक गंमत झाली. मी बटण दाबलं की दोन्ही बोटी वळायच्या! दोघांचे स्वस्तातले रिमोट एकाच फ्रिक्वेन्सीवर होते. तेव्हा कळलं, बोट चालवणं सोपं आहे. तिने फक्त आपलंच ऐकावं, हे अवघड. हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी निकोला टेस्लाने सोडवला होता.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा, आजच्या क्रोएशियातल्या स्मिलयान गावातला. वडील धर्मगुरू. आई शिकलेली नव्हती, पण घरकामाची अवजारं स्वतः बनवायची. टेस्ला ग्राझला इंजिनिअरिंग शिकायला गेला, पण डिग्री न घेताच बाहेर पडला. १८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला आला, एडिसनच्या कंपनीत लागला आणि काही महिन्यांतच नोकरी सोडली. १८८८ मध्ये एसी मोटरची पेटंट मिळाली आणि त्याचं नाव झालं. आपल्या विहिरीवरचे बहुतेक पंप आजही त्याच तत्त्वावर चालतात.

मग १३ मार्च १८९५ ला त्याची प्रयोगशाळा जळाली. यंत्रं, नोंदी, सगळं गेलं. त्याने पुन्हा शून्यापासून सुरुवात केली.

तीनच वर्षांनी, १८९८ मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने पाण्याच्या टाकीत साधारण सव्वा मीटर लांबीची लोखंडी बोट सोडली. वायर कुठेच नाही. टेस्ला लांबून हँडल फिरवायचा आणि बोट वळायची, दिवे लावायची. कुणाला ही जादू वाटली, तर कुणाला आत माकड बसवलंय असं वाटलं.

आत होती बॅटरी, पंख्याची मोटर, सुकाणूची वेगळी मोटर आणि रिसीव्हर. रिसीव्हर म्हणजे धातूची पूड भरलेली छोटी डबी. एरवी या पुडीतून वीज नीट वाहत नाही. रेडिओ लहर आली की कण एकमेकांना चिकटतात आणि स्विच ऑन होतो. पण चिकटलेले कण आपोआप सुटत नाहीत, मग पुढचा सिग्नल कळणार कसा? म्हणून प्रत्येक सिग्नलनंतर डबी उलटी करणारी यंत्रणा त्याने बसवली. ८ नोव्हेंबर १८९८ ला त्याला पेटंट मिळालं, क्रमांक ६१३८०९.

आता आमच्या तळीतला प्रश्न. दुसऱ्या कुणी सिग्नल पाठवला तर? टेस्लाची युक्ती होती, दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र आल्या तरच यंत्राने काम करायचं. बँकेचा लॉकर दोन चाव्यांशिवाय उघडत नाही, तसंच. त्याची पेटंट १९०३ मध्ये मिळाली. आजचा २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट वेगळ्या पद्धतीने, कोड वापरून, आपली बोट ओळखतो. पण हेतू तोच.

अशा बिनमाणसांच्या बोटी आल्या की युद्ध इतकं भयंकर होईल, की देश लढणंच सोडतील, अशी टेस्लाला आशा होती. अमेरिकन नौदलाने त्याची बोट घेतली नाही. १९१५ मध्ये पेटंटची १७ वर्षांची मुदत संपली, तेव्हा पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं. ७ जानेवारी १९४३ ला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत, वयाच्या ८६ व्या वर्षी, तो एकटाच गेला. आज बिनमाणसांच्या बोटी खरोखर युद्धात वापरल्या जातात. युद्धं मात्र थांबलेली नाहीत. त्याचं गणित यंत्राबाबत बरोबर आलं, माणसांबाबत चुकलं.

तुम्ही पहिली बोट बनवणार असाल, तर पाण्यात सोडण्याआधी जमिनीवर दोन गोष्टी तपासा. ती फक्त तुमच्याच रिमोटचं ऐकते का? आणि रिमोट बंद केल्यावर मोटर थांबते का? नाहीतर बोट तळीच्या मधोमध आणि तुम्ही काठावर!