विल्यम स्मिथ व त्याचा नकाशा

इंग्लंडातील ऑक्सफर्डशायर परगण्यात चर्चिल नावाच्या खेड्यात एका लोहाराच्या घरी ता. २३ मार्च १७६९ रोजी विल्यम स्मिथ याचा जन्म झाला. तो आठ वर्षांचा असता पिता निवर्तला. चुलत्याने त्यास वाढविले. त्या गावची मुले शेतात सापडणाऱ्या शिंपल्यांच्या आकाराच्या खड्यांनी गोट्यांचा खेळ खेळत, व गवळणी असाच एक वाटोळा दगड लोणी तोलण्यास वजन म्हणून घेत. हे पुरातन समुद्रातील प्राण्यांचे अवशेष होत, हे त्या बिचाऱ्यांस कोठून ठाऊक असणार!

शाळेचे शिक्षण बेताचेच. पुढे स्मिथ मोजणीदार झाला व सॉमरसेट येथे कोळसा वाहून नेण्यासाठी काढावयाच्या कालव्याच्या कामी लागला. भूमी चिरली जाऊ लागली तसे तिचे थर त्यास उघडे दिसू लागले. नद्यांनी आणलेली वाळू व चिखल पाण्याच्या तळाशी बसतो, वरच्या भाराने दबतो, पाण्यात विरघळलेल्या चुन्यासारख्या द्रव्यांनी सांधला जातो, आणि दीर्घ काळाने त्याचा खडक बनतो. वाळूपासून वालुकाश्म, चिखलापासून पापुद्रे सुटणारा मातीचा खडक, शंखशिंपल्यांच्या राशींपासून चुनखडक. परंतु केवळ रंगरूपावरून थर ओळखू गेल्यास फसगत होते; दोन थर दिसण्यात सारखे, तरी निरनिराळ्या काळचे असू शकतात. त्यांतील शंखशिंपले मात्र निराळे असतात व तीच थराची खूण, हे स्मिथने ताडले. आमच्या मते त्याचे खरे मोठेपण येथेच आहे. बाथ येथील रेव्हरंड रिचर्ड्सन यांचा शिंपल्यांचा संग्रह त्याने थरांच्या क्रमाने लावून दाखविला, तेव्हा ते गृहस्थ थक्क झाले. व १७९९ साली स्मिथने सांगितलेली थरांची यादी त्यांनीच लिहून घेतली.

पुढे देशभर हिंडून त्याने १८१५ साली इंग्लंड व वेल्सचा आठ फुटांहून उंच असा रंगीत भूस्तर-नकाशा प्रसिद्ध केला. परंतु दगडाच्या खाणीचा व्यवहार बुडाल्याने तो कर्जात रुतला. जन्मभर जमविलेले जीवाश्म ब्रिटिश म्युझियमला विकूनही भागेना. १८१९ साली कर्जापायी त्यास सुमारे दहा आठवडे लंडनच्या तुरुंगात काढावे लागले. लागलीच तेथील भूगर्भशास्त्र मंडळाने आपला निराळा नकाशा स्वस्तात विक्रीस काढला. हे वाचून आम्हांस आजही खेद होतो.

त्याच मंडळाने १८३१ साली आपले पहिले वोलास्टन पदक त्यास अर्पण केले. ता. २८ ऑगस्ट १८३९ रोजी नॉर्थॅम्प्टन येथे तो मरण पावला. जॉन फिलिप्स नावाच्या आपल्या पोरक्या भाच्यास त्याने पदरी घेऊन थरांची विद्या शिकविली होती. तो भाचा पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात भूगर्भशास्त्राचा अध्यापक झाला.